एक खडा, चार वाटा

आमच्या घरात एक तपकिरीची डबी आहे. तपकीर ओढणारे आजोबा कधीच गेले, पण डबी राहिली. कारण १९७१ साली तिच्यात वडिलांचा मुतखडा ठेवला गेला. कापसाच्या बोळ्यावर निजवलेला, सुपारीएवढा, काळपट तपकिरी, तुतीच्या फळासारखा खरखरीत. पाहुणे आले की वडील डबी काढत आणि सदरा वर करून डाव्या कुशीवरचा वीतभर व्रणही दाखवत. आई म्हणे, “अहो, जेवायला बसलेत ते!” इंग्लंडचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने १६५८ साली मूत्राशयातला खडा काढून घेतला, तो ठेवायला खास पेटी करवून घेतली आणि शस्त्रक्रियेचा दिवस तो दरवर्षी मेजवानी देऊन साजरा करी, हे पुढे वाचनात आले, तेव्हा वडिलांचे फारसे नवल वाटेनासे झाले.

२०२३च्या पावसाळ्यात ही डबी पुन्हा बाहेर निघाली. धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. “दादा, याला मुतखडा निघालाय. सतरा मिलिमीटरचा. चार डॉक्टर झाले. एक म्हणतो मशीनने फोडू, एक म्हणतो लेझर, एक म्हणतो पाठीतून दुर्बीण. चौथ्याकडे अजून रिपोर्ट दाखवायचेत. आम्ही काय करायचं? तू ये बाबा.”

मी डॉक्टर नाही. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. पण मुतखड्याच्या बाबतीत आमच्या घरात अधिकार अनुभवाने येतो, आणि वडिलांच्या मागे तो माझ्याकडे आला आहे. म्हणून गेलो. बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर चार फायली, सी.टी. स्कॅनच्या फिल्म आणि भाच्याने काढून ठेवलेला हिशेबाचा कागद पडला होता. त्या रात्री जे बोलणे झाले आणि पुढच्या आठवड्यात जे कळले, ते इतर घरांच्याही उपयोगी पडावे असे वाटते, कारण हल्ली प्रत्येक आळीत एक तरी खडेवाला असतोच.

आधी वडिलांची वाट, कारण पुष्कळ वर्षे तीच एक होती. क्ष-किरणात खडा दिसला, शिरेतून औषध टोचून मूत्रपिंडाचे फोटो काढले आणि जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात त्यांना टेबलावर घेतले. कुशीवर झोपवून बरगडीच्या खालून पोटाकडे कापत जायचे, स्नायूंचे थर उघडायचे, लागलीच तर बरगडीची टोकाची चकती काढायची, मूत्रपिंड हाताला लागले की त्याचा मधला पेला चिरून खडा बोटांनी किंवा चिमट्याने बाहेर. वडिलांची चकती काढली होती. तीन आठवडे इस्पितळ, दोन महिने बिनपगारी रजा. पावसाळी हवेत ती जागा दुखे आणि खोकला आला की ते हाताने कूस दाबून धरीत, ते अगदी शेवटपर्यंत. पण खडा निघाला तो अख्खा निघाला. एकदाच, एका बैठकीत, आणि डबीत.

हे ‘एका बैठकीत’ प्रकरण मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझ्या वेळी सगळे घोडे तिथेच अडले.

दरम्यानच्या काळात जग बदलले होते. १९७६ साली स्वीडनमध्ये फेर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून लहान भोक पाडून, त्या वाटेने खडा काढून दाखवला. लगेच १९८० साली म्युनिकमध्ये क्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाला पाण्याच्या टबात बसवून बाहेरूनच आघातलहरी सोडल्या आणि आतला खडा फोडला. यंत्र डॉर्निए या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे. ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून पत्र्याला खळगे का पडतात, याचा शोध घेताना आघातलहरींचा अभ्यास झाला आणि तोच पुढे माणसाच्या कुशीत उपयोगी पडला. चाकू नाही, टाका नाही. लोकांना तो चमत्कार वाटला, आणि तो होताही.

१९९४ साली माझ्या उजव्या मूत्रपिंडात बावीस मिलिमीटरचा खडा निघाला. वडिलांचा व्रण लहानपणापासून पाहिलेला. त्यामुळे शहरातल्या एका इस्पितळाची ‘न कापता, न टोचता’ अशी पाटी दिसली तेव्हा मी दुसरा प्रश्नच विचारला नाही. त्यांनीही सांगितला नाही. पाठीखाली पाण्याने फुगवलेली रबरी गादी, आणि तासभर टक टक टक. कुणी ओल्या चिंधीचे फटके मारावेत तसे दोन-तीन हजार आघात. अशा तीन बैठका झाल्या, तीन आठवड्यांच्या अंतराने. प्रत्येक वेळी खडा फुटे, थोडा पडे, बाकी राही. तिसऱ्या बैठकीनंतर जे तुकडे निघाले ते मूत्रवाहिनीत एकामागे एक असे रांगेने अडकले. या प्रकाराला जर्मन भाषेत ‘दगडी रस्ता’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि जगभरचे डॉक्टर तोच वापरतात. मला तो शब्द रात्री दोन वाजता कळला, हुडहुडी भरून ताप चढलेला असताना. वाट बुजलेली आणि मागे साठलेल्या लघवीत जंतू. त्या रात्री खड्याला कुणी हात लावला नाही. पाठीतून नळी घालून तुंबलेले बाहेर काढले, ताप उतरवला, आणि दहा दिवसांनी खालून मूत्रमार्गाने दुर्बीण घालून तुकडे वेचले.

वडिलांना मोठी जखम झाली, पण काम एकदाच झाले. माझ्या अंगावर टाका नाही, पण चार वेळा टेबलावर गेलो, दोन वेळा भरती झालो आणि रजा त्यांच्याइतकीच लागली. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्याला बाहेरून फोडण्यापेक्षा पाठीतून दुर्बिणीने जाणे बरे, हे जाणकारांना तेव्हाही ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते, कारण त्या इस्पितळात यंत्र होते ते एकच.

हा राग नव्हे. यंत्रावर तर अजिबातच नाही. लहान खड्याला, विशेषतः एक सेंटिमीटरच्या आतल्या, फारशा कठीण नसलेल्या आणि मूत्रपिंडाच्या वरच्या किंवा मधल्या भागात असलेल्या खड्याला, लिथोट्रिप्सी आजही चांगली. बहुधा भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते, खर्चही कमी. मात्र गर्भवतीला ती चालत नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, लघवीत जंतू असतील किंवा खड्याच्या खाली वाटच अरुंद असेल, तरीही नाही. शिवाय एक बाब माझ्या कुणी लक्षात आणून दिली नव्हती : ते यंत्र फक्त फोडते, उचलून बाहेर आणत नाही. चुरा वाहून न्यायचे काम शरीराचे. खडा मूत्रपिंडाच्या तळाच्या कप्प्यात असेल तर चुऱ्याला चढण चढून बाहेर पडावे लागते, आणि तो पुष्कळदा तिथेच बसून राहतो.

भाच्याचा खडा नेमका तिथे होता. तळाच्या कप्प्यात. आणि सी.टी. स्कॅनच्या अहवालात त्याची घनता साडेबाराशे लिहिली होती. हा आकडा हजाराच्या पुढे गेला की खडा सहसा हट्टी असतो, आघातलहरींना दाद देत नाही. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा सल्ला स्वस्त खरा, पण यशाची आशा कमी. सतरा मिलिमीटर, तळाचा कप्पा, साडेबाराशे : या तीन गोष्टी एकत्र मांडल्या आणि एक फाईल टेबलावरून बाजूला झाली. जावईबापू, म्हणजे बहिणीचे यजमान, म्हणाले, “इतकं सोपं होतं तर त्यांनी का नाही सांगितलं?” मी गप्प बसलो.

राहिले दोन. लेझरवाल्यांची रीत अशी : मूत्रमार्गातून, मूत्राशयातून, मूत्रवाहिनीतून वर जायचे. साधारण तीन मिलिमीटर जाडीची लवचिक दुर्बीण, तिचे टोक सापाच्या फण्यासारखे मागे वळते. तिच्यातून केसासारखी लेझरची तार जाते आणि खड्याचा भुगा करते. अंगावर कुठेही छिद्र नाही. एक-दोन दिवसांत घरी. रक्त पातळ करणारे औषध थांबवता येत नाही अशा हृदयरुग्णालाही पुष्कळदा हीच वाट देतात. पण खडा मोठा तितका वेळ जास्त, आणि आत पाणी सोडून काम चालते, त्यामुळे लघवीत जंतू असतील तर ते रक्तात शिरण्याचा धोका असतो. म्हणून आधी लघवीची तपासणी आणि लागल्यास औषध. तळाचा कप्पा फारच तीव्र कोनात वळलेला असेल तर दुर्बिणीलाही तिथे पोहोचताना कसरत पडते. सतरा मिलिमीटरला कधीकधी दुसरी बैठक लागते, हे त्या डॉक्टरांनी, भाच्याने थेट विचारल्यावर, कबूल केले. आणि आत ठेवायची नळी. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पाठीतून दुर्बीण ही फेर्नस्ट्रॉम-योहान्सन यांची वाट, आता बरीच बारीक झालेली. पाठीवर सुईने नेम धरून मूत्रपिंडाच्या नेमक्या कप्प्यात शिरायचे, सुईतून तार, तारेवरून वाट रुंद करत न्यायची, आणि त्या बोगद्यातून खडा फोडून तुकडे उचलून बाहेर. पूर्वी हे भोक करंगळीएवढे, आठ-दहा मिलिमीटरचे असे. ‘मिनी’ म्हणतात त्या प्रकारात ते निम्म्यावर, पाच-सहा मिलिमीटरवर आले. याहून बारीक, जवळजवळ सुईएवढ्या वाटेने खडा फोडायची रीत गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलच्या डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडली. खड्यांच्या मुलखातच खड्यांचे पंडित निपजायचे. दोन सेंटिमीटरच्या पुढे, आणि मूत्रपिंडाच्या सगळ्या कप्प्यांत सांबराच्या शिंगासारखा पसरलेला खडा असेल तर, हीच वाट पहिली. एका बैठकीत खडा निघून जाण्याची शक्यता हिच्यात सर्वांत जास्त. पण मूत्रपिंड म्हणजे रक्ताचे भांडार. त्याला भोक पाडायचे तर रक्तस्राव आलाच. काही थोड्या रुग्णांना रक्त द्यावे लागते, क्वचित वाहती रक्तवाहिनी आतून बंद करावी लागते. आकाराने लहान जखम म्हणजे लहान शस्त्रक्रिया, असा समज करून घेऊ नये.

वडिलांची उघडी शस्त्रक्रिया आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहे. रचनेतच दोष असेल, खड्याबरोबर अरुंद वाटही दुरुस्त करायची असेल, तर पोटातून दुर्बिणीने किंवा यंत्रमानवाच्या हातांनी करतात.

मग श्रेष्ठ कोणती? त्या रात्री भाचा हाच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत होता. संगणकात काम करणारा मुलगा, त्याला एक उत्तर हवे होते. माझे मत असे झाले आहे की हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. आपण जखम मोजतो. टाके किती, व्रण केवढा, कितव्या दिवशी घरी. पाट्याही तेच विकतात : बिनटाका, बिनचिरा, चोवीस तासांत घरी. मोजायचे ते आत काय उरले आणि पुन्हा किती वेळा यावे लागले. लहान जखमेची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात मांडलेली असते : उरलेल्या तुकड्यांच्या, दुसऱ्या बैठकीच्या, किंवा नळीच्या. बँकेतल्या माणसाला हे खाते लगेच दिसायला हवे होते, पण मलाही ते १९९४ मध्ये दिसले नाही.

ती नळी. डबल जे स्टेंट असे तिचे नाव. दोन्ही टोके वळलेली, एक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात. शस्त्रक्रियेनंतर सूज येऊन वाट बंद होऊ नये म्हणून ठेवतात. ती असेपर्यंत सारखे लघवीला जावेसे वाटते, लघवी करताना कुशीत कळ येते, रंग अधूनमधून लालसर होतो. हे सर्व अपेक्षित असते, पण आधी सांगितलेले नसले की घरचे हबकतात. काही आठवड्यांत ती काढायची असते. माझी काढायची तारीख कार्डावर नव्हती. हिने विचारले म्हणून कळली. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या घरात असे विचारणारे कुणी नव्हते. कळ थांबली, तो कामाला लागला, बदली झाली. दोन वर्षांनी पुन्हा दुखू लागले तेव्हा फोटोत नळी दिसली, तिच्या दोन्ही टोकांवर खडे बसलेले. ती काढायला दोन शस्त्रक्रिया लागल्या. खड्यासाठी घातलेल्या नळीवरच खडे! इस्पितळातून घरी जाताना बिलाची पावती मिळते तशी नळी कधी काढायची त्याची तारीख, रुग्णाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत मिळाली पाहिजे. याला कुठले नवे यंत्र लागत नाही.

तसेच संमतिपत्राचे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीचे प्रकरण आहे. ते मूत्राशयाच्या खड्याबद्दल आहे, आणि चाकूचा उपाय त्यात शेवटचा. न केले तर मरण नक्की, केले तर यशाची खात्री नाही, तेव्हा वैद्याने आधी धन्याला विचारावे, असा तिथला आशय आहे. त्या काळी विचारायचे ते धन्याला. आज रुग्णच आपला धनी. पण ऑपरेशनच्या सकाळी, भूक लागलेली, शिरेत सुई, आणि समोर चार पानांचे इंग्रजी छापील पत्र, “इथे सही करा, इथे, आणि इथे”, याला विचारणे म्हणत नाहीत. उपाय कोणकोणते आहेत, त्यातला हाच का, आणि इथे दुसरा होत नसेल तर कुठे होतो, हे दोन दिवस आधी एका पानावर मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया बसतात. निदान त्या इस्पितळांपासून तरी सुरुवात करावी.

एक राहिलेच. पाचवी वाट : काहीच न कापण्याची. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुधा आपला आपण पडतो. डॉक्टर वेदनेचे औषध देऊन थांबतात. शेजारच्या काकूंच्या पानफुटीला आणि आत्याबाईंच्या कुळथाच्या कढणाला जे यश मिळते ते बरेचसे या लहान खड्यांचे. काकूंना हे सांगू नये. युरिक ॲसिडचा खडा तर साध्या क्ष-किरणात दिसत नाही, पण लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने विरघळतो. मात्र थांबण्यालाही हद्द आहे. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. आणि कळ थांबली म्हणजे खडा गेला असे धरू नये. वाट अडवून बसलेला खडा कधीकधी मुळीच दुखत नाही आणि मूत्रपिंड गुपचूप निकामी होते. फोटोत गेला तरच गेला.

चौथ्या डॉक्टरांकडे मीही बरोबर गेलो. वयाने तरुण. त्यांनी भाच्याच्या केसपेपरच्या मागे मूत्रपिंडाचे चित्र काढले, तळाचा कप्पा, त्याचा कोन, खडा. म्हणाले, “मी दोन्ही करतो. लेझरने केलं तर पाठीला भोक नाही, पण कोन बघता दुसऱ्या बैठकीची तयारी ठेवा. पाठीतून मिनीने केलं तर एकात होईल असं वाटतं, रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त. तुमच्या जागी मी असतो तर पाठीतून. पण तुम्हाला काय नको आहे ते सांगा.” भाचा बराच वेळ चित्राकडे पाहत होता. मग म्हणाला, “मला दोनदा भूल नको.” बहीण पाठीतले भोक ऐकून रडवेली झाली, पण बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. नळी तीन आठवड्यांनी काढली. तारीख कार्डावर होती, शिवाय बहिणीने ती कालनिर्णयवर लाल गोल करून ठेवली होती. महिन्याने तपासले तर तीन मिलिमीटरचा एक तुकडा राहिलाच होता. त्याच्यावर लक्ष ठेवायचे ठरले आहे. पाणी इतके प्यायचे की दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी, मीठ हात राखून, लिंबू भरपूर. दूध बंद करायचे नाही, उलट घ्यायचे. बहिणीने टोमॅटो घरातून हद्दपार केले होते, ते डॉक्टरांनी परत आणवले.

काढलेले तुकडे त्यांनी प्रयोगशाळेत पाठवले होते. कॅल्शियम ऑक्सलेट, कठीण जातीचे. तो कागद वाचता वाचता भाच्याने विचारले, “मामा, तुझ्या खड्याचा रिपोर्ट कुठाय?” माझा कुणी काढलाच नव्हता, चुरा गटारात गेला. “आणि आजोबांचा?” तो तर तपासायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हते. तिघांनाही खडे, तेव्हा घराण्यातच काही असेल, असे डॉक्टर म्हणाले होते.

परवा तो येऊन डबी घेऊन गेला. सगळा देणार नाही, टोकाचा एक कण खरवडून देतो, असे त्याने मला दोनदा बजावले. अहवाल यायचा आहे.